जीवनरेखा एक्स्प्रेस : रुळांवरून आलेली दृष्टी

स्मरणिकेसाठी ‘रेल्वेवर काहीतरी लिहा’ असे आपल्या मंडळाचे कार्यवाह दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी टाळतो. माझे काम डब्यांच्या देखभालीचे. चाके, ब्रेक, स्प्रिंगा यांवर कोणी काय वाचणार? यंदा मात्र आपण होऊन लिहायला बसलो आहे, आणि त्याचे कारण घरचे आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चार वर्षांपासून आमच्याकडे चंदीगडला राहतात. मागच्या वर्षी गौरी-गणपतीला आत्या येणार म्हणून आम्ही दोघे स्टेशनवर गेलो होतो. अण्णा फलकाच्या अगदी खाली उभे राहून मला विचारत होते, ‘‘गाडी कितव्या फलाटावर लावली रे?’’ समोर हातभर आकारात लिहिलेले त्यांना वाचता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला तर पुरता पिकलेला! अण्णा म्हणाले, ‘‘दोन वर्षे झाली, धूसरच दिसते. तुमच्यामागे तुमची कामे. कशाला सांगायचे?’’ अथर्वशीर्ष आणि आरत्या त्यांना तोंडपाठ, त्यामुळे पुस्तक हाती असले तरी ते वाचत नाहीत, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

पीजीआयसारखी संस्था ज्या शहरात १९६२ पासून आहे, त्या शहरात राहणारा मी, बॅटरीच्या उजेडात चाकाची केसाएवढी चीर शोधणे हा माझा रोजचा धंदा, आणि घरच्या माणसाचे डोळे मला दिसले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या रात्री मला नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पाहिलेली एक गाडी आठवली. एका लहान स्टेशनच्या सायडिंगला ती उभी होती. डब्यांबाहेर मांडवात म्हातारी माणसे ओळीने बसली होती आणि ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची, त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टी लावलेली होती. ती होती लाइफलाइन एक्स्प्रेस, म्हणजेच जीवनरेखा एक्स्प्रेस. हा लेख त्या गाडीचा आणि ती चालविणाऱ्या ‘इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन’ या मुंबईच्या संस्थेचा आहे. पण गाडी एकदम रुळांवर आली नाही. तिच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग आपण राहतो त्या पंजाबातच घडला आहे.

पंजाब आणि मोतीबिंदू

मोतीबिंदू हा आपल्या देशाला फार जुना परिचित आजार. सुश्रुतसंहितेत त्यावरील शस्त्रकर्माचे वर्णन आहे. गढूळ झालेले भिंग सुईसारख्या शस्त्राने बाजूला सारायचे, म्हणजे बाहुलीतून उजेड आत जाऊ लागतो. पुढे ही विद्या गावोगाव फिरणाऱ्या वैद्यांच्या हाती राहिली. कोणाला काही दिवस दिसे, तर कोणाचा डोळा कायमचा जाई. वैद्य तोपर्यंत पुढच्या गावी गेलेला असे!

विसाव्या शतकाच्या आरंभी जालंधरला हेन्री स्मिथ नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर होते. जन्माने आयरिश. भिंग त्याच्या वेष्टनासह सबंध बाहेर काढण्याची पद्धत त्यांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली, की वैद्यकाच्या इतिहासात ते ‘जालंधर स्मिथ’ याच नावाने ओळखले जातात. त्यांचा हात पाहायला अमेरिकेतून डॉक्टर येत. नंतर ते अमृतसरला गेले. १९१० साली त्यांचे मोतीबिंदूवरील पुस्तकही निघाले.

त्यांच्यानंतर नाव घ्यावे लागते ते मोग्याच्या डॉ. मथुरादास पाहवा यांचे. मोगा म्हणजे चंदीगडहून लुधियाना ओलांडले की पुढे लागणारे गाव. तेथे पंजाबभरातून आंधळी म्हातारी माणसे बैलगाड्यांतून येत आणि डॉक्टर झपाट्याने एकामागून एक शस्त्रक्रिया करीत. १९५४ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. मोग्याचे सरकारी रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

स्मिथ काय किंवा मथुरादास काय, दोघांच्याही दारात रुग्ण येत होता. ज्याला कोणी बैलगाडीत घालून आणील तो बरा होई. ज्याला आणणारे कोणी नाही तो ओसरीवर बसून राही. म्हातारपणी डोळे जायचेच, अशी समजूत होतीच. म्हणून मग डॉक्टरांनीच उठून रुग्णाकडे जावे, हा विचार पुढे आला आणि देशभर नेत्रशिबिरे सुरू झाली. शाळेच्या सुट्टीत बाके हलवून वर्गात शस्त्रक्रिया होत. १९७६ साली केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराईला डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ११ खाटांचे ‘अरविंद’ नेत्ररुग्णालय काढले, ज्याचा पुढे वटवृक्ष झाला. आपल्या महाराष्ट्रात लातूर जिल्ह्यातून आलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनासारख्या ठिकाणच्या शिबिरांत केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. त्यांना २००८ साली ‘पद्मश्री’ मिळाली.

१९८६ ते ८९ या काळात देशात पाहणी झाली, तेव्हा अंधत्वाच्या कारणांत एकट्या मोतीबिंदूचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. म्हणजे शंभर अंधांपैकी ऐंशी जणांना पुन्हा दिसू शकत होते! प्रश्न विद्येचा नव्हता, अंतराचा होता.

एक अंध माणूस आणि एक कल्पना

इंग्लंडमध्ये जॉन विल्सन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची दृष्टी शाळेच्या प्रयोगशाळेतील स्फोटात गेली. हा मुलगा पुढे शिकला आणि १९५० साली त्याने ब्रिटिश साम्राज्यातील अंधांसाठी एक संस्था काढली. तीच पुढे ‘साइटसेव्हर्स’ या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. आपली दृष्टी परत येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पण जगातील बहुसंख्य अंधांची येऊ शकते, हे त्यांनी आयुष्यभर सरकारांना पटवून दिले. टाळता येण्याजोग्या अपंगत्वाविरुद्ध ‘इम्पॅक्ट’ ही मोहीम त्यांच्याच पुढाकाराने, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या पाठिंब्याने उभी राहिली. तिची भारतातील शाखा १९८३ साली सुरू झाली. तीच इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन. संस्थेची धुरा दीर्घकाळ झेल्मा लाझारस या बाईंनी सांभाळली.

संस्थेपुढे प्रश्न असा होता : डॉक्टर मुंबई-दिल्लीत आहेत, दाते आहेत, औषधे आहेत, पण ज्या जिल्ह्यात रुग्ण आहेत तेथे शस्त्रक्रियागृह नाही. प्रत्येक तालुक्यात रुग्णालय बांधायचे तर पन्नास वर्षे लागतील. मग या देशात खेड्यापाड्यांपर्यंत आधीच पोहोचलेले काय आहे? उत्तर आपल्या सर्वांच्या तोंडावर आहे, रेल्वे!

१६ जुलै १९९१ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून जीवनरेखा एक्स्प्रेस निघाली. भारतीय रेल्वेने तीन डबे दिले, आरोग्य मंत्रालयाने साथ दिली, पैसे कंपन्यांनी आणि दात्यांनी उभे केले. पहिला मुक्काम होता बिहारमधील खलारी, जे आता झारखंडात आहे. युद्धातील जखमींसाठी रुग्णगाड्या पूर्वीपासून होत्या. पण शांततेच्या काळात गरिबाच्या गावी जाऊन शस्त्रक्रिया करून देणारे रुळांवरचे रुग्णालय म्हणून ही गाडी जगात पहिली मानली जाते. २००७ साली जुन्या डब्यांच्या जागी पाच नव्या डब्यांची गाडी आली, आणि २०१६ मध्ये आणखी दोन डबे जोडले गेले. त्यांत कर्करोगाच्या तपासणीची सोय आहे.

डब्यात दवाखाना बसतो कसा?

हा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपला नेहमीचा डबा सुमारे ७० फूट लांब आणि बाहेरून साडेदहा फूट रुंद असतो. भिंतींची जाडी वजा केली, की आत जेमतेम दहा फूट राहतात. एवढ्या जागेत टेबले, वरचे दिवे, हात धुण्याची जागा, उपकरणे निर्जंतुक करण्याची खोली आणि डॉक्टर-परिचारिकांना वावरायला वाट, हे सारे बसवायचे. नव्या गाडीत एका शस्त्रक्रियागृहात तीन आणि दुसऱ्यात दोन टेबले आहेत. शिवाय डोळे तपासण्याची खोली, दातांचा विभाग, एक्स-रे, प्रयोगशाळा, औषधांचे भांडार, कर्मचाऱ्यांची झोपण्याची जागा आणि स्वयंपाकघरही आहे. विजेसाठी जनित्राचा डबा गाडीतच असतो, कारण सुरी डोळ्यात असताना गावातली वीज गेली तर चालत नाही.

गाडी मुक्कामाला आली की तिला मुख्य मार्गापासून बाजूच्या सायडिंगवर घेतात. उभ्या गाडीला जपण्याची रीत आमच्याकडे ठरलेली आहे. हँडब्रेक आवळायचे, चाकांपुढे पाचरी द्यायच्या, आणि सांधा बंद करून कुलूप लावायचे, म्हणजे शंटिंग करणारे इंजिन चुकूनही त्या मार्गावर येणार नाही. मालगाडीच्या डब्याला असा धक्का बसला तर आम्ही एक अहवाल लिहितो. इथे बसला तर कोणाचा डोळा जाईल. पाणी भरणे, मैला काढणे, वातानुकूलन चालू ठेवणे ही कामे तर रोजचीच. या सर्वांत जो सांधेवाला, जो खलाशी आणि जो फिटर राबतो, त्याचे नाव कोणत्याही फलकावर नसते. पण म्हातारीची दृष्टी येते त्यात त्याचाही हात असतो, हे माझ्या रेल्वेतील सहकाऱ्यांना मला आवर्जून सांगावेसे वाटते.

गाडी एका ठिकाणी साधारण तीन-चार आठवडे राहते. ती येण्यापूर्वी जिल्हा प्रशासन आणि स्थानिक मंडळी गावोगाव दवंडी देतात, तपासणी करून रुग्ण निवडतात. मोठ्या शहरांतील डॉक्टर आपली रजा काढून, मानधन न घेता येतात. मोतीबिंदूबरोबरच दुभंगलेले ओठ, पोलिओने वाकलेले पाय, वाहणारे कान यांवरही शस्त्रक्रिया होतात. रुग्णाकडून पैसा घेतला जात नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना जवळच्या शाळेत, धर्मशाळेत किंवा रुग्णालयात ठेवतात. संस्थेच्या सांगण्यानुसार आजवर बारा लाखांहून अधिक लोकांना या गाडीतून उपचार मिळाले आहेत.

मुलांचे ओठ आणि पाय बरे होतात याचे कौतुक मोठे. पण मला म्हाताऱ्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मुलासाठी आई-बाप शहरापर्यंत धावतात, कर्ज काढतात. आजीसाठी कोण धावणार? घरातल्या कोणाची तरी मजुरी बुडणार, एसटीचे भाडे लागणार, आणि आजी स्वतःच म्हणणार, ‘‘आता माझे किती दिवस राहिले?’’ गाडी गावाशेजारच्या स्टेशनात येऊन उभी राहिली, की या तिन्ही सबबी संपतात.

भिंगाची करामत

गाडी सुरू झाली त्याच सुमारास शस्त्रक्रियाही बदलत होती. पूर्वी भिंग काढून टाकले की रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड काचेचा चष्मा लागे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा अशाच चष्म्यातून मोठ्ठे डोळे करून पाहत असत. तो चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा!

डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली केली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या छताचे पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते. ते डोळ्याला बाधत नाहीत, हे त्यांनी हेरले होते. पण ही भिंगे परदेशातून येत आणि गरिबाला परवडत नसत. १९९२ साली अरविंदच्या ‘ऑरोलॅब’ने ती मदुराईतच बनवायला घेतली आणि किंमत परदेशी भिंगाच्या काही अंशावर आली. बारीक छेद घेऊन, टाक्याशिवाय, थोड्या मिनिटांत होणारी शस्त्रक्रियाही रुळली. गाडीतल्या दवाखान्याला हे वरदानच ठरले, कारण रुग्ण लवकर घरी जाऊ लागले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत

केवळ गुणगान केले तर ते इंजिनिअरला शोभणार नाही. पहिली मर्यादा गेजची. गाडी ब्रॉडगेज. १९९१ साली देशाच्या अनेक मागास जिल्ह्यांत मीटरगेज किंवा नॅरोगेज होते. आपल्याकडची मिरज–लातूर बार्शी लाइट घ्या, अडीच फुटी, कालका–शिमला आहे तेवढीच! तिच्यावर ही गाडी जाणेच शक्य नव्हते. १९९२ साली रेल्वेने एकगेज योजना हाती घेतली आणि पुढे लातूरलाही ब्रॉडगेज झाले. रूळ बदलले ते मालासाठी आणि प्रवाशांसाठी, पण रुग्णगाडीचीही वाट त्यातूनच मोकळी झाली.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. गाडी महिन्याने निघून जाते. नंतर कोणाचा डोळा लाल झाला तर पाहायचे कोणी? म्हणून स्थानिक डॉक्टरांना गाडीत बोलावून शस्त्रक्रिया दाखविणे आणि नंतरची देखभाल त्यांच्यावर सोपविणे, हा या कामाचाच भाग करावा लागला. मोतीबिंदूच्या शिबिरांत स्वच्छतेची हेळसांड झाली तर काय होते, हे पंजाबाने डिसेंबर २०१४ मध्ये पाहिले. गुरदासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात अनेक वृद्धांनी दृष्टी गमावली. फुकट मिळते म्हणून कमी प्रतीचे चालेल, हा विचार म्हाताऱ्यांच्या बाबतीत फार लवकर मनात शिरतो. शाळेच्या वर्गापेक्षा कायमचे बांधलेले, निर्जंतुक करता येणारे शस्त्रक्रियागृह हवे, मग ते रुळांवर असो वा इमारतीत, हा धडा सर्वांनीच घेतला पाहिजे.

तिसरी मर्यादा म्हणजे म्हातारपणाचे सगळेच आजार एका शस्त्रक्रियेने बरे होत नाहीत. रक्तदाब, साखर, गुडघे यांना दर महिन्याला औषध लागते. त्यासाठी १९७८ साली दिल्लीत नोंदल्या गेलेल्या ‘हेल्पएज इंडिया’ने १९८२ पासून फिरते दवाखाने काढले. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वस्तीत मोटार येते, डॉक्टर तपासतो आणि औषध देतो. या संस्थेला २०२० साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. गाडी असो की मोटार, तत्त्व एकच आहे : म्हाताऱ्याने दवाखान्याकडे जायचे नाही, दवाखान्याने म्हाताऱ्याकडे यायचे.

हे तत्त्व जगानेही उचलले. १९९७ साली हाँगकाँगच्या लोकांनी चीनला खास मोतीबिंदूसाठी अशीच रेल्वे भेट दिली. बांगलादेशात रुळांपेक्षा नद्या अधिक, म्हणून तिथल्या इम्पॅक्ट संस्थेने १९९९ साली ‘जीवनतरी’ ही रुग्णनौका पाण्यात सोडली. दक्षिण आफ्रिकेतही १९९४ पासून रेल्वेच्याच एका प्रतिष्ठानाची आरोग्यगाडी धावते. पुण्या-मुंबईच्या गाड्या उशिरा येतात म्हणून आपण रेल्वेला नावे ठेवतो. पण ही एक गोष्ट आपण जगाला दाखवली, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटचे अंतर

२०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढील लोकांची राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हाही अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्के होता. इतक्या शिबिरांनंतर, इतकी रुग्णालये झाल्यानंतरही! शस्त्रक्रिया का केली नाही, याची लोक सांगतात ती कारणे ओळखीची आहेत. सोबत नेणारे कोणी नाही, पैसे नाहीत, आणि गरज वाटली नाही. पैशाची अडचण आता पुष्कळ कमी झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पण ‘सोबत कोणी नाही’ याला कोणतेही सरकार पुरे पडत नाही.

अण्णांचे अंतर किती होते? घरापासून दवाखाना पाऊण तास. खलारीच्या म्हातारीचे अंतर कित्येक कोसांचे होते आणि ते कापायला मुंबईहून अख्खी गाडी गेली. अण्णांचे पाऊण तासाचे अंतर कापायला मला दोन वर्षे लागली. आपल्या मंडळातील अनेकांचे आई-वडील असेच महाराष्ट्रातून इथे येऊन राहतात. शेजाऱ्यांशी हिंदी-पंजाबीत बोलायचा संकोच, मुलगा-सून कामावर, नातवंडे मोबाइलवर. त्यांच्या दारात कोणतीही गाडी येणार नाही. त्यांची जीवनरेखा आपणच.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. यंदा गणपतीत घरातील ज्येष्ठांना समोर बसवा. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरील दिनदर्शिकेची तारीख वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. दोन मिनिटांचे काम. एका डोळ्याने चांगले दिसत असले की दुसऱ्याचे कळत नाही, अण्णांचे तसेच झाले होते. शंका आली तर ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका. आणि मंडळाने एक दिवस नेत्रतपासणी ठेवलीच, तर गाड्या काढून ज्येष्ठांना घरून आणायची आणि परत पोहोचवायची जबाबदारी मी आणि माझे रेल्वेतील चार सहकारी घेतो, हे येथेच लिहून देतो.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती माझ्या डोक्याच्या पांढऱ्या केसांची! आता सकाळचे वर्तमानपत्र आधी त्यांच्याकडे जाते.

विघ्नहर्त्याने सर्व ज्येष्ठांना निरामय दीर्घायुष्य द्यावे, आणि त्यांच्याकडे वेळेवर पाहण्याची दृष्टी आम्हा धाकट्यांना द्यावी, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!